तीन दिवसांची साहेबी आणि घरचे चार दिवस

माझ्याकडे आलेला एका बाईंचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, खराडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत डिलिव्हरी हेड (म्हणजे क्लायंटचं काम करून देणाऱ्या टीम्सच्या प्रमुख), याच कंपनीत बारा वर्षं. हाताखाली ८६ माणसं, पाच क्लायंट, त्यातले तीन अमेरिकेतले. घर कोथरूडला. मुलं नऊ आणि चार वर्षांची. वडिलांना पार्किन्सन्स आहे आणि गेल्या दिवाळीपासून ते यांच्याकडेच राहायला आलेत. राजीनामा द्यायला गेल्या, तर वरिष्ठ म्हणाले, राजीनामा कशाला, आठवड्यातून तीन दिवस या, पद तेच राहील, पगार ६० टक्के. "हो म्हणू का? की मला हळूच बाजूला काढायची ही रीत आहे?"

बाजूला काढत असतील असं मला वाटत नाही. बहुतेक तुमच्या वरिष्ठांचा हेतू चांगलाच आहे. तरीही या ऑफरला आहे तशी हो म्हणू नका. दिवस तीन, पगार साठ टक्के, पद शंभर टक्के, एवढं ठरलं. काम किती टक्के, हे कुणी बोललंच नाही. कुणी बोललं नाही म्हणजे ते शंभर टक्केच आहे.

हे मी स्वतः करून बसलेय, म्हणून इतकं ठामपणे लिहितेय. भोसरीत वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी मटेरियल्सची, म्हणजे माल खरेदी आणि पुरवठ्याची, प्रमुख होते. २००९ ते २०१५ अशी सहा वर्षं अर्धवेळ. नंतर सल्लागार झाले. आता तुमच्यासारखी माणसं आणि त्यांच्या कंपन्या दोघंही माझ्याकडे येतात, आणि गंमत म्हणजे दोघंही दिवसांबद्दलच बोलतात.

भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मुलांना रविवारी सुट्टी, मला गुरुवारी. कित्येक वर्षं आम्ही चौघं दिवसाउजेडी एकत्र जेवलो ते फक्त सणावारी. त्यातच सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा मी रविवार मागितला आणि गुरुवारला लागून बुधवार मागितला. सहापैकी चार दिवस काम, पगार दोन तृतीयांश. एमडींनी, म्हणजे व्यवस्थापकीय संचालकांनी, पाच मिनिटांत हो म्हटलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पहिले तीन महिने मी डायरीत तास लिहिले. आधी आठवड्याला साधारण ५४ तास भरायचे, आता ४९ भरत होते. काम नऊ दशांश, पगार दोन तृतीयांश. बुधवारी सासूबाईंना व्यायाम करवता करवता खांद्यावर फोन. आणि कंपनीत लोक म्हणत, मॅडमचं बरंय.

कुणी माझ्यावर अन्याय केला असं नाही. माझं एकही काम कमी झालं नव्हतं, मी फक्त ते दाटीवाटीनं बसवत होते. मग एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर बसून मला ज्या ज्या गोष्टींसाठी विचारलं जातं त्या सगळ्या कागदावर काढल्या. चार पानं झाली. प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: हे माझ्याकडे माझ्या डोक्यासाठी येतं, की माझ्या सहीसाठी? पावणेतीन पानं नुसत्या सहीची निघाली. रोजचं शेड्यूल, ठरलेल्या दराच्या ऑर्डरी, गाडी उशिरा आली म्हणून दंड लावायचा की सोडायचा, स्टोअरमधल्या माणसांच्या रजा. डोक्याचं काम होतं ते नवे पुरवठादार उभे करणं, दर ठरवणं, वर्षाचं नियोजन आणि माणसं घडवणं. ते चार दिवसांत आरामात बसत होतं.

मी परत एमडींकडे गेले ती ती चार पानं घेऊन. सह्यांचं काम डेप्युटीकडे, सहीच्या अधिकारासकट आणि पगारवाढीसकट. आयातीची कागदपत्रं फायनान्सकडे. दोन कामं बंदच केली, ती बंद झाल्याचं आजतागायत कुणाच्या लक्षात आलेलं नाही. (त्यातलं एक म्हणजे सोळा रकान्यांचा साप्ताहिक रिपोर्ट. तो कोण वाचतं हे शोधायला मी एकदा त्यात मुद्दाम चुकीचा आकडा टाकला होता.)

अधिकार दिला म्हणणं सोपं असतं, त्याची परीक्षा नंतर होते. डेप्युटीला मी तीन लाखांपर्यंतचा खर्च न विचारता करायची मुभा दिली होती. गिऱ्हाइकाची उत्पादनाची लाइन बंद पडणार असेल तरच मला फोन, एरवी शुक्रवारी बोलू. दुसऱ्याच महिन्यात एका बुधवारी चेन्नईचा माल अडकला आणि त्यानं तो विमानानं मागवला. खर्च दोन लाख साठ हजार. शुक्रवारी कळलं की तो माल शनिवारपर्यंत लागणारच नव्हता, ट्रकनं आला असता तरी चाललं असतं. एमडींनी मला बोलावलं, शेजारी तो उभा, मान खाली. "हे कुणी ठरवलं?" मी म्हटलं, "बुधवारी तो निर्णय त्याचा असतो, म्हणजे माझाच." एमडी काही वेळ पेपरवेट फिरवत बसले, मग दुसऱ्या विषयावर गेले. बाहेर आल्यावर मी त्याला फक्त एवढं विचारलं, की माल खरंच केव्हा लागणार हे कुणाला विचारायला हवं होतं? त्यानं स्वतःच उत्तर दिलं. पुढच्या पाच वर्षांत तो असा चुकला नाही. त्या दिवशी मी त्याला एमडींसमोर झापलं असतं, तर पुढच्या बुधवारपासून माझा फोन सकाळी आठला वाजायला लागला असता.

"वरिष्ठ माणूस रोज दिसलाच पाहिजे" असं तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवेलच. तेव्हा मनात पुण्यातले सर्जन आणा. सोमवारी डेक्कनला ओपीडी, मंगळवारी चिंचवडला शस्त्रक्रिया, गुरुवारी तिसरीकडे. त्यांना कुणी अर्धवेळ डॉक्टर म्हणत नाही. ते नसताना कुणाला बोलवायचं आणि कुठल्या खुणा दिसल्या तर त्यांनाच उठवायचं, हे नर्सला पाठ असतं. कंपनीत तरी काय वेगळं आहे? सर्वांत वरच्या टेबलावरचे स्वतंत्र संचालक अर्धवेळच असतात, आणि कायद्यानं संचालक मंडळाच्या वर्षाला किमान चार बैठका झाल्या की भागतं. दिसणं आणि चालवणं यात आपल्याकडे फार गल्लत होते.

आता तुमच्या ऑफरकडे येते. पाच क्लायंट आणि ८६ माणसं तीन दिवसांत होत नाहीत. तुम्ही कितीही हुशार असा, होत नाहीत. दोन क्लायंट दुसऱ्या कुणाच्या नावावर, खरोखर नावावर, गेले पाहिजेत. तुमच्याकडे तीन क्लायंट आणि पन्नासएक माणसं राहावीत. कुठले दोन सोडायचे हे ठरवताना एक मोह होईल, अवघड सोडून सोपे ठेवायचा. उलट करा. अवघड, विचार लागणारे क्लायंट तुमच्याकडे ठेवा, आणि रोज रात्री कॉल मागणारे सोडा. कठीण कामामुळे पद टिकतं. रात्रीच्या कॉलमुळे नुसती झोप जाते.

कॉलचं तर मोजमापच करा. दिवस तीन आणि कॉल चार रात्री, याला अर्धवेळ म्हणत नाहीत. शिवाय नोव्हेंबरात तिकडचं घड्याळ मागे गेलं की साडेसातचा कॉल साडेआठला सरकतो, म्हणजे नेमका मुलांच्या जेवणा-झोपण्यात. जो कॉल घेता तो तासांत धरा आणि त्या तासांइतकी दुपार कापून घ्या, हे आधीच बोलून ठेवा.

दिवस कुठले? बहुतेकांना मंगळ-बुध-गुरु आवडतं, दोन्हीकडून मोठी सुट्टी मिळते म्हणून. मी हे सुचवत नाही. शुक्रवारी दुपारी बिघडलेलं तुम्हाला मंगळवारी कळेल, आणि तोवर कुणीतरी भलताच माणूस ते सोडवून मोकळा झालेला असेल. सोम, मंगळ, गुरु बघा. सलग तीन दिवसांपेक्षा जास्त तुम्ही नाहीशा होत नाही, आणि कोथरूड-खराडीचा दोन्हीकडचा प्रवास आठवड्यात तीनदाच. दिवस मात्र पक्के हवेत. "या आठवड्यात गुरुवारऐवजी बुधवार" हे महिन्यातून एकदा ठीक. दर आठवड्याला झालं तर टीमला तुम्ही कधी आहात हेच कळत नाही, आणि मग ते तुम्हाला रोज धरतात.

पैशाकडे वळू. इथे शिकलेली माणसंही चकतात, आणि मीही चकले.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, शेवटच्या पगारावर निघते. हिशेबात धरायचा पगार (मुख्यतः मूळ पगार अधिक महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा तुमचा मूळ पगार १,२०,००० आहे. बारा वर्षांवर आज बाहेर पडलात तर साधारण ८ लाख ३१ हजार होतात. अर्धवेळ झालात, मूळ पगार ७२,००० झाला, आणखी तीन वर्षं काम केलंत आणि मग सोडलंत, तर पंधरा वर्षांचे होतात ६ लाख २३ हजार. तीन वर्षं जास्त राबून दोन लाखांनी कमी. कायद्यातला हिशेब किमान रकमेचा आहे, कंपनीला त्याहून जास्त द्यायची मुभा आहे. म्हणून पत्रात लिहून घ्या: पूर्णवेळच्या वर्षांची ग्रॅच्युइटी पूर्णवेळच्या पगारावर. २०१५ मध्ये माझा हिशेब हातात आला तेव्हा मला हे समजलं, म्हणून एवढं आकडेवारीनं सांगतेय.

दुसरी गोष्ट मेडिक्लेम. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत वडील असतील तर पॉलिसीचा कागद स्वतः वाचा. एच.आर.च्या "काही बदलत नाही मॅडम" वर जाऊ नका. कमी तासांच्या कर्मचाऱ्याला आणि त्याच्या आई-वडिलांना ती लागू राहते ना? कारण ते सुटलं तर नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि पार्किन्सन्समध्ये तीन वर्षं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. व्हेरिएबलचं, म्हणजे कामगिरीवर मिळणाऱ्या पगाराचं, टार्गेट साठ टक्के झालं का, कंपनीचे शेअर मिळायचे असतील तर त्यांची मुदत लांबते का, हेही विचारा. टार्गेट शंभर आणि व्हेरिएबल साठ, असं मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा कंपनीला ते गैर वाटलं नव्हतं.

तिसरी गोष्ट, परतीचा रस्ता. आपला कायदा बाळंतपणापर्यंत सोबत करतो. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. मूल चार वर्षांचं झालं, वडिलांचे हात थरथरू लागले, तिथे कायदा गप्प. पुण्यात जर्मन कंपन्या भरपूर, म्हणून एच.आर.शी बोलताना मी नेहमी तिकडचा दाखला देते. जर्मनीत २००१ पासूनचा कायदा वरिष्ठ पदावरच्यांनाही अर्धवेळ कामाची संधी द्या असं सरळ म्हणतो. २०१९ पासून तर ४५ पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत एक ते पाच वर्षं तास कमी करून पुन्हा पूर्णवेळ परतायचा हक्क आहे. आपल्याकडे हा हक्क कागदावर मागून घ्यावा लागतो. "१८ महिन्यांनी आढावा, त्यानंतर तीन महिन्यांची सूचना देऊन पूर्णवेळ परतता येईल" एवढी एक ओळ पत्रात हवी. आज तुमचे वरिष्ठ चांगले आहेत. ते गेले की त्यांचा शब्दही त्यांच्याबरोबर जातो.

माझ्याकडे तेच झालं. चौथ्या वर्षी नवे एमडी आले. साप्ताहिक आढावा त्यांनी बुधवारी सकाळी दहाला ठेवला, मुद्दाम नसेलही. माझ्याकडे काही लेखी नव्हतं. सात महिने मी दर बुधवारी गेले, आणि घरी सासूबाईंना सांगायची की आजच्यापुरतंच. शेवटी तो आढावा शुक्रवारी गेला, पण तोवर मी "थोडी अडचणीची" ठरले होते. पुढच्या वर्षी प्लांट हेडची जागा रिकामी झाली तेव्हा माझं नाव चर्चेतही नव्हतं. हे होऊ शकतं, अगदी तुमच्या बाबतीतही. मुलीच्या दहावीच्या वर्षी मी दुपारी घरी होते आणि प्लांट हेड झाले नाही. दोन्ही खरं आहे.

काही पदांना हे जमतच नाही, ते इथेच सांगून टाकते. सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत आणि १० कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या सार्वजनिक कंपनीत एमडी किंवा सीईओ आणि सीएफओ (वित्त प्रमुख) ही पदं कंपनी कायद्यानं पूर्णवेळच असावी लागतात. लहान प्रायव्हेट कंपन्यांना सीएफओबद्दल हे बंधन नाही. तिथे आठवड्यातून दोन दिवस येणारे अनुभवी सीए असतात आणि छान चालतं. तुमचं पद यात येत नाही. पण कंपनी विकली जात असेल, किंवा तुम्ही हे पद घेऊन सहाच महिने झाले असतील, तर मी थांबा म्हणाले असते. बारा वर्षांची पत तुमच्या गाठीशी आहे. ती खर्च करायची हीच वेळ.

राहिलं घर, आणि खरी गळती तिथेच असते. मी बुधवारी घरी राहायला लागल्यावर दोन महिन्यांत काय झालं बघा. स्वयंपाकाच्या मावशी बुधवारीच दांडी मारू लागल्या, "ताई घरी असतात ना." गॅसवाला बुधवारी, सोसायटीचा प्लंबर बुधवारी, नणंदेच्या मुलाचं पासपोर्टचं काम बुधवारी. नवऱ्यानं बँकेची कामं साठवून बुधवारसाठी ठेवायला सुरुवात केली. एका बुधवारी संध्याकाळी मी हिशेब केला तर सासूबाईंजवळ मी बसले होते ते पंचवीस मिनिटं. ज्यांच्यासाठी पगार सोडला, त्यांच्या वाट्याला पंचवीस मिनिटं.

मग घरातही तीच चार पानं काढली. मावशींचा बुधवार पक्का केला, त्याचे शंभर रुपये जास्त देऊन. पाळणाघराची फी सगळ्या दिवसांची भरत राहिले, धाकटा बुधवारी जात नव्हता तरी. जागा राहते, आणि अचानक जावं लागलं तर कुणाच्या पाया पडावं लागत नाही. सगळ्यात मोठा फरक पडला तो एका क्षुल्लक गोष्टीनं. शाळेच्या डायरीत पहिला फोन नंबर माझा होता, तो खोडून नवऱ्याचा घातला. व्हॅनवाल्या काकांकडेही तसंच. मुलाला ताप आला की पहिला फोन त्याला. पहिल्याच आठवड्यात तो वैतागून म्हणाला, "हे असं रोज होतं?" मी म्हटलं, रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा. त्यानंतर घरातलं बोलणं बदललं, जे बारा वर्षांच्या भांडणांनी बदललं नव्हतं.

तुमच्या वडिलांसाठी रुग्णसेवा ब्युरोचा माणूस ठेवला असेल, किंवा ठेवणार असाल, तर तुम्ही घरी असण्याच्या दिवशी त्याला सुट्टी देऊ नका. पार्किन्सन्सच्या गोळ्या घड्याळावर चालतात. पुढची गोळी लांबली की हालचाल अडखळते, आणि गोळी लेव्होडोपाची (पार्किन्सन्सवरचं नेहमीचं औषध) असेल तर डाळ-दूध-अंडं अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर ती नीट लागू पडत नाही. त्या वेळा नेमक्या कशा ठेवायच्या हे त्यांच्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या आणि तो फ्रिजवर लावा. तुम्ही असा किंवा नसा, गोळी त्या कागदाप्रमाणे. मग तुमच्या वाट्याला येतो तो गोळी लागू पडल्यानंतरचा वेळ, जेव्हा ते नीट बोलतात आणि खाली एक फेरी मारून येतात. तुमच्या मोकळ्या दिवसाचा तो तास आधी राखून ठेवा, गॅसवाल्याच्या आधी.

ऑफिसात कारणं सांगत बसू नका, एवढंच आणखी. "बुधवारी मी नसते, अमुकला विचारा" हे पुरे. वडिलांचा आजार प्रत्येक मेलमध्ये आला की लोक आधी हळहळतात आणि मग तुम्हाला विचारायचंच बंद करतात.

वरिष्ठांना उत्तर द्यायच्या आधी दोन आठवडे मागून घ्या. त्या दोन आठवड्यांत तुमच्याकडे येणारी प्रत्येक गोष्ट लिहा आणि पुढे खूण करा, डोकं की सही. भेटायला जाल तेव्हा टेबलावर आधी तो कागद ठेवा. साठ टक्क्यांचं बोलणं त्याच्यानंतर.